बादलीएवढी जमीन

बटाट्याच्या एका झाडाला माती लागते साधारण १० ते १२ लिटर. म्हणजे रंगाची मधल्या साइजची बादली, किंवा धान्याचं मोठं पोतं असेल तर त्यात तीन झाडं आरामात. हे एकदा कळलं की घरात टाकाऊ म्हणून पडलेल्या प्रत्येक वस्तूकडे आपण वेगळ्या नजरेने बघायला लागतो, याला खाली भोकं पाडली तर, याची उंची पुरेल का, हे उन्हात किती टिकेल. मी गेली बरीच वर्षं बाल्कनीत आणि टेरेसवर मिळेल त्या भांड्यात बटाटे लावतेय आणि त्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं, कारण या विषयावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक 'एवढ्या दिवसांत एवढे किलो' अशा थाटाचं असतं, आणि मला बटाटा लावायला आवडतो त्याचा किलोशी फारसा संबंध नाही.

जमिनीत लावलेल्या बटाट्याची निम्मी कामं जमीनच करत असते, आपल्याला न सांगता. अंधार तीच देते, थंडावा तीच देते, पाणी धरून ठेवते आणि जास्तीचं सोडून देते. बादलीत लावलं की ही सगळी कामं एकेक करून आपल्या अंगावर येतात. आणि ती करता करता कळत जातं की पायाखालची साधी दिसणारी माती दिवसरात्र काय काय सांभाळत असते. टोमॅटो-मिरची लावताना हे एवढं जाणवत नाही कारण तिथे फळ वर असतं, आपण रोज बघतो, हात लावतो. बटाट्याचं सगळं महत्त्वाचं आत चाललेलं असतं आणि आपल्या हातात फक्त ते आत नीट चालावं एवढी व्यवस्था ठेवणं असतं.

सुरुवात बेण्यापासून करते. स्वयंपाकघरातल्या टोपलीत कोंब आलेला बटाटा लावला तरी झाड येतं, ते खोटं नाही, पण खायच्या बटाट्याला साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून कधी कधी औषध मारलेलं असतं आणि मग तो आठवडेच्या आठवडे ढिम्म बसून राहतो. शिवाय त्यात व्हायरस असला तर तो तसाच पुढच्या झाडात येतो, कारण बटाटा सहसा बी पेरून लावत नाहीत, जुन्याच झाडाचा तुकडा पुढे वाढतो. म्हणून मिळत असेल तर बेण्याचा म्हणून विकतात तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अजून एक, नुकताच काढलेला बटाटा लगेच उगवत नाही. काढणीनंतर तो दोन-तीन महिने झोपेत असतो, जातीप्रमाणे कमीजास्त, ती झोप पूर्ण झाल्याशिवाय तुम्ही कितीही पाणी घाला.

बेणं हातात घेऊन एकदा नीट बघा. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, ते जमिनीखालचं फुगलेलं खोड आहे, आणि खोडाच्या सगळ्या खुणा त्याच्यावर असतात. एका टोकाला छोटासा सुकलेला देठाचा व्रण दिसतो, तिथून तो मूळ झाडाला जोडलेला होता. त्याच्या विरुद्ध टोकाला डोळ्यांची दाटी असते. डोळेही कसेही विखुरलेले नसतात, फांदीवर पानं जशी फिरत फिरत वर चढतात तसेच ते बटाट्याभोवती गोल चढत जातात, बोट ठेवून फिरवलं तर क्रम सापडतो. प्रत्येक डोळ्याला लागून एक अर्धगोल रेघ असते, ती तिथल्या नाममात्र पानाची जागा. आणि डोळ्यात एकच नाही, अनेक कोंब दडलेले असतात, पहिला मोडला तर बाजूचा येतो.

लावायच्या आधी महिनाभर मी बेणं अंड्याच्या ट्रेमध्ये, डोळ्यांची दाटी असलेलं टोक वर करून, उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवते. अंधारात आलेला कोंब लांब, पांढरा, काडीसारखा होतो आणि हात लागला की मोडतो. उजेडातला कोंब अगदी वेगळा. तो बुटका आणि जाड, बुडाशी गोलसर, जातीप्रमाणे जांभळा किंवा हिरवा, अंगावर बारीक लव, आणि बुडाजवळ मोहरीपेक्षाही लहान पांढरट ठिपके उठलेले. ते ठिपके म्हणजे पुढची मुळं. मातीचा स्पर्शही झालेला नसतो आणि मुळं कुठून फुटायची ते ठरलेलं असतं. मला हे दरवेळी बघायचं असतं, चष्मा लावून खिडकीशी उभी राहून बघते.

बेणं मोठं असेल तर कापायचं. प्रत्येक तुकड्यावर निदान दोन डोळे, वजन ४०-५० ग्रॅमच्या आसपास, फार बारीक तुकडे करू नयेत कारण पानं येऊन स्वतःचं अन्न करायला लागेपर्यंत झाडाला त्या तुकड्यावरच जगायचं असतं. कापलेले तुकडे दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवले की कापलेल्या भागावर सुकी कडक साय धरते, मग मातीत कुजायची भीती कमी. कापण्याचा अजून एक परिणाम असा की टोकाचा कोंब बाकीच्यांना दाबून ठेवत असतो, तो दाब सुटतो आणि मागचे डोळेही जागे होतात. जास्त कोंब म्हणजे जास्त खोडं, म्हणजे बटाटे संख्येने जास्त पण आकाराने लहान. कुणाला काय हवं त्यावर आहे, मला लहान आवडतात.

आता भांडी. यावर मी तासभर बोलू शकते. रंगाच्या बादल्या चांगल्या, फक्त आत पाण्यातला रंग होता याची खात्री हवी आणि घासून लख्ख धुतलेल्या हव्यात, ऑइल पेंट, थिनर किंवा कुठल्याही केमिकलचा डबा मी खायच्या गोष्टीसाठी घेत नाही, कितीही धुतला तरी. प्लास्टिकचं विणलेलं पोतं हलकं असतं, पाणी सहज निथळतं, पण ते उन्हाने विरतं आणि काढणीच्या वेळी त्याचे तंतू तुटून मातीत मिसळायला लागतात, ते वेचणं फार कटकटीचं, म्हणून एका हंगामापेक्षा जास्त वापरू नये, किंवा बाहेरून जुनं कापड गुंडाळावं. तागाचं पोतं सगळ्यात छान श्वास घेतं आणि बाहेरून ओलं राहून आतली माती थंड ठेवतं, हंगाम संपेपर्यंत खालून कुजतं हे खरं पण त्याला इलाज नाही. कपड्यांची जाळीदार टोपली मुलांना बघायला मजेशीर वाटते, पण तिला आतून जाड कापडाचं किंवा कागदाच्या तीन-चार थरांचं अस्तर लावावंच लागतं, का ते पुढे सांगते. टायर मी वापरत नाही. काळं रबर उन्हात प्रचंड तापतं आणि टायर बनवताना त्यात काय काय घातलेलं असतं ते बघता माझं मन होत नाही. पुठ्ठ्याचा खोका चालतो पण त्याला बाहेरून आधार लागतो, ओला झाला की तो बसकण मारतो.

भोकं मात्र हवीतच, तळाला आणि तळापासून दोन बोटं वर बाजूलाही. भांडं थेट फरशीवर ठेवू नका, विटांचे तुकडे घालून वर उचला. खालची भोकं फरशीला चिकटून बसली की असून नसल्यासारखी.

माती हलकी हवी. बटाट्याला फुगायला जागा करावी लागते आणि घट्ट चिकट मातीत तो वेडावाकडा होतो. मी एक भाग माती, एक भाग कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट असं घेते, कमीजास्त झालं तरी चालतं. ताजं शेणखत नको. आणि राख, जी आपण सगळीकडे खत म्हणून टाकतो, ती इथे हात राखून, कारण बटाट्याला किंचित आंबट माती मानवते, राखेने ती अल्कली होते आणि सालीवर खरबरीत खपल्या येणारा रोग बळावतो. आतला बटाटा खाण्यालायक असतो पण दिसायला अगदी केविलवाणा. नत्राचा मारा केला तर झाड छातीएवढं होतं, बघणारे वा वा करतात आणि खाली सामसूम, कारण पानं वाढवण्यात गुंतलेलं झाड कंद धरायचं लांबवत राहतं. फुगण्याच्या काळात गरज असते ती पालाशची, म्हणजे पोटॅशची.

लावायची पद्धत सोपी आहे. पोत्याची कड बाहेरच्या बाजूला गुंडाळत गुंडाळत खाली आणायची, पोतं वीतभर उंच राहील एवढी. तळाला चार-पाच बोटं माती, त्यावर बेणं कोंब वर करून, त्यावर पुन्हा चार बोटं माती, पाणी. आठ-पंधरा दिवसांत, थंडी असेल तर जास्त दिवसांनी, गडद हिरवी चुरगळलेली पानं वर येतात. झाड वीतभर झालं की गुंडाळलेली कड एक वळसा उलगडायची आणि शेंड्याची थोडी पानं वर ठेवून बाकी खोडाला मातीची भर द्यायची. पुन्हा वाढलं की पुन्हा एक वळसा, पुन्हा भर. हा भर लावायचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. चांगली हिरवीगार पानं मातीखाली गाडायला पहिल्यांदा हात धजत नाही, पण झाड चार-पाच दिवसांत परत डोकं वर काढतं.

भर का लावायची तर बटाटे बेण्याच्या खाली धरत नाहीत, वर धरतात. मातीखालच्या खोडातून आडव्या पांढऱ्या दोऱ्यासारख्या फांद्या निघतात, त्यांची टोकं फुगून बटाटा होतो. तीच फांदी उजेडात आली तर ती सरळ वर वळते, पानं फुटतात आणि साधी फांदी होते. म्हणजे अंधार मिळाला तर बटाटा, उजेड मिळाला तर फांदी, एवढं सगळं त्या भर लावण्यावर अवलंबून आहे.

यावरूनच ते बटाट्याच्या टॉवरचं खूळ निघालंय, फळ्यांवर फळ्या चढवत चार-पाच फूट उंच खोका करायचा, भर घालत जायचं आणि शेवटी खालपासून वरपर्यंत बटाटेच बटाटे. मला हे पटत नाही आणि करून बघणाऱ्या बऱ्याच लोकांचाही अनुभव तसाच आहे. कंद धरतात ते मुख्यतः बेण्याच्या वरच्या थोड्याशा पट्ट्यात, वर नुसती माती वाढवली म्हणून झाड तिथेही मजले बांधत जात नाही. उलट खालची माती चेपते, मधली कोरडी राहते आणि वरच्या सगळ्या मातीचा, पाण्याचा, उचलण्याचा खर्च फुकट. दीड फूट उंची भरपूर झाली. एका झाडाला अर्धा ते एक किलो मिळाले तर ते झाड चांगलं आलं असं समजावं, आणि त्यापेक्षा मोठ्या आकड्यांची स्वप्नं दाखवून नवीन माणसाला निराश करणं मला बरं वाटत नाही. पहिल्या वर्षी टॉवर बांधून हाती ओंजळभर आले की माणूस दुसऱ्या वर्षी लावतच नाही, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

अंधाराचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बटाट्यावर उजेड पडला की तो हिरवा होतो. हिरवा रंग पानातल्याच हरितद्रव्याचा, त्याने काही होत नाही, पण त्याच्याबरोबर सोलानिन आणि चाकोनिन नावाची कडू विषारी द्रव्यं वाढतात आणि ती उकडून जात नाहीत. म्हणून जाळीदार टोपलीला अस्तर. म्हणून पावसाने किंवा पाणी घालताना माती वाहून एखादा बटाटा उघडा पडला तर लगेच वरून पालापाचोळा किंवा माती. सालीखालीच किंचित हिरवट असेल तर जाड सोलून तेवढा भाग काढता येतो, पण चांगला हिरवा झालेला किंवा चवीला कडू लागलेला बटाटा सरळ टाकून द्यावा. झाडाला फुलं येऊन गेल्यावर कधी कधी छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळं धरतात, तीही विषारी, घरात लहान मुलं असतील तर खुडूनच टाका.

माझा भाचा सुट्टीला आला की रोज सकाळी पहिल्यांदा त्या पोत्यांशी जातो. त्याने एकदा विचारलं, "मावशी, आत बटाटे आहेत की नाही हे तुला कसं कळतं?" मी म्हटलं, कळत नाही रे. मग आम्ही दोघांनी मिळून एका पोत्याच्या कडेने बोटं आत घातली, हळूच, मुळं न तुटतील अशी, आणि ओल्या थंड मातीत बोटाला काहीतरी गोल गुळगुळीत लागलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. असे एक-दोन कोवळे बटाटे आतून काढून घेतले तरी झाडाचं काही बिघडत नाही, माती परत दाबून टाकायची. त्या कोवळ्या बटाट्याची साल अंगठ्याने घासली तरी निघते आणि तो नुसता उकडून मीठ लावून खाल्ला तरी पुरे.

थंडावा हे सगळ्यात अवघड काम. बटाटा कंद धरतो तो साधारण १५ ते २० अंशांच्या आसपास, आणि माती ३० अंशांपर्यंत गेली की ते काम जवळजवळ थांबतं. झाड मरत नाही, वर हिरवंगार दिसतं, म्हणून तर फसगत होते. जमीन एवढी मोठी आहे की दुपारचं ऊन तिच्या वरच्या दोन-चार बोटांतच मुरतं, खाली गारवा टिकतो. बादलीला मात्र चारही बाजूंनी ऊन लागतं. दुपारी काळ्या बादलीच्या उन्हाकडच्या बाजूला मातीत थर्मामीटर खुपसून बघा, मग तोच मधोमध खुपसा, केवढा फरक असतो. म्हणून मी काळ्या बादल्यांना बाहेरून पांढरा रंग देते किंवा ओलं पोतं गुंडाळते, भांडी एकमेकांना खेटून ठेवते म्हणजे एकाची सावली दुसऱ्यावर पडते, आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर. सकाळचं ऊन मिळावं आणि दुपारनंतर सावली यावी अशी जागा असेल तर तीच बटाट्याची. आणि हंगामही त्याच हिशोबाने धरायचा, जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे हिवाळ्यात, जिथे बर्फ पडतं तिथे ते ओसरल्यावर.

ही थंडीची ओढ त्याच्या मूळ गावातून आलेली आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या दक्षिण पेरूमध्ये आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या परिसरात, काही हजार वर्षांपूर्वी माणसाने रानटी बटाट्याचा हा कडू कंद माणसाळवला. समुद्रसपाटीपासून ३८०० मीटर उंच, दिवसा कडक ऊन आणि रात्री गोठवणारी थंडी. तिथल्या शेतकऱ्यांपुढे माझ्या बरोब्बर उलटा प्रश्न होता, माती उबदार कशी ठेवायची. त्यांनी मातीचे उंच वाफे केले आणि मधून पाण्याचे चर काढले, त्या पद्धतीला वारू-वारू म्हणतात. चरातलं पाणी दिवसा ऊन पिऊन घेतं आणि रात्री ती ऊब सोडतं, त्यामुळे कडेच्या पिकाला दंव सहसा जाळत नाही. पाणी निथळायची सोय तीच, चरात साचलेला गाळ काढून वाफ्यावर टाकला की खतही तेच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या विटांवर ठेवलेल्या, ओली पोती गुंडाळलेल्या बादल्या आठवल्या आणि फार जवळचं वाटलं. बटाट्यासाठी माती घडवायचं काम इतकं जुनं आहे.

तिथून तो सोळाव्या शतकात युरोपात गेला तेव्हा पहिली अडचण आली ती रात्रीची. अँडीज विषुववृत्ताजवळ, तिथे वर्षभर दिवस आणि रात्र जवळपास सारखी, आणि त्या जातींना कंद धरायला लांब रात्र लागायची. युरोपातल्या उन्हाळ्यात दिवस लांबच लांब, म्हणून झाडं नुसती पानं वाढवत बसायची आणि शरद ऋतूत दिवस लहान होईपर्यंत कंद धरायची नाहीत, तोवर थंडी दारात. लांब दिवसातही कंद धरणाऱ्या जाती मागाहून हळूहळू तयार झाल्या. रात्र किती लांब हे ओळखतात पानं, आणि तिथून निरोप जातो खाली अंधारातल्या फांद्यांच्या टोकांना. हा निरोप नेणारं प्रथिन कुठलं ते शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवून दिलं, आणि ते निघालं फुलं यायचा निरोप नेणाऱ्या प्रथिनाच्याच कुळातलं. मला ही गोष्ट इतकी आवडते की भर लावताना मी पानं जपून वर काढते, वरची सगळी पानं गाडून टाकली तर खाली निरोप कोण देणार.

आणि कंद धरायची ही ओढ एवढी पक्की आहे की खोडाला खालून इजा झाली, अन्न खाली उतरेना, तर काही झाडं पानांच्या बेचक्यात, हवेतच छोटे हिरवे बटाटे धरतात. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये नासाच्या कोलंबिया यानातून बटाट्याच्या पानांचे तुकडे अंतराळात नेले होते, जिथे जमीनच नाही, वर-खालीही नाही, तिथे एका छोट्या बंद पेटीत त्या पानांच्या बेचक्यातल्या डोळ्यांनी इवले कंद धरले. भांड्यात बटाटा लावण्याची यापेक्षा मोठी हद्द मला तरी माहीत नाही.

पाण्याचं एवढंच सांगते की ते सारखं हवं. खूप नको, कमी नको, आणि मुख्य म्हणजे आज कोरडं ठक्क आणि उद्या पूर असं नको. मधे ताण पडून मग एकदम पाणी मिळालं की बटाटा एकदम फुगायला लागतो आणि मग तडकतो, त्याला गाठी फुटतात, किंवा आत पोकळी पडते, वरून काहीच दिसत नाही आणि कापल्यावर मधे भोक. रोज ठरावीक तांब्या ओतण्यापेक्षा बोट दोन पेरं आत घालून बघावं, किंवा पोतं एका कोपऱ्याने किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा, थोड्या दिवसांत हाताला कळायला लागतं. पाणी मातीत घालायचं, पानांवरून नाही.

पानांवरून नाही, कारण करपा. गार हवा आणि पानं तासन्‌तास ओली राहिली की पानांवर तेलकट काळपट डाग पडतात, खालून पांढरी बुरशीसारखी लव दिसते, आणि बघता बघता सगळं झाड झोपतं. हाच तो उशिरा येणारा करपा, ज्याने १८४५ पासून पुढची काही वर्षं आयर्लंडमधली शेतंच्या शेतं कुजवली. तिथले गरीब लोक जवळजवळ बटाट्यावरच जगत होते, त्यातही बहुतेक ठिकाणी लंपर नावाची एकच जात लावलेली, एक झाड बळी पडलं की सगळीच पडणार. त्यात अन्नधान्य देशाबाहेर जात राहिलं, सरकारी मदत तोकडी पडली. सुमारे १० लाख माणसं गेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. हा रोग अजूनही गेलेला नाही, टोमॅटोवरही तोच येतो. माझ्या चार पोत्यांवर आला तर माझं काहीच जाणार नाही, पण असा डाग दिसला की मला ते सगळं आठवतं आणि मी तो गंमत म्हणून सोडून देत नाही, पान लगेच काढते, पिशवीत बांधून टाकते, कंपोस्टमध्ये कधीच नाही. आणि शक्यतो एकाच वेळी दोन-तीन जाती लावते.

इथे बादलीचा एक फायदा आहे जो जमिनीला नाही. सलग दोन दिवस पावसाची झड लागली की मी पोती आत छपराखाली ओढते. ऊन वाढलं की सावलीत. रात्री दंव पडणार असेल तर भिंतीशी. त्या बाबतीत जमिनीतला बटाटा अगदीच निराधार.

पानं पिवळी पडून झाड आडवं व्हायला लागलं की पाणी थांबवायचं. लवकर येणाऱ्या जातीला लावल्यापासून ७० ते ९० दिवस, उशिराच्या जातीला १२० पर्यंत. झाड पूर्ण वाळल्यावरही बटाटे आठ-दहा दिवस तसेच आत राहू द्यावेत म्हणजे साल पक्की होते, नाहीतर हाताळताना सोलवटतात आणि टिकत नाहीत. मग जमिनीवर जुनी चादर अंथरून पोतं आडवं करायचं. खुरपं नको, कुदळ नको, एकही बटाटा कापला जात नाही. माती सांडते, मुळांचं जाळं बाहेर येतं, त्यात पांढऱ्या वाळलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकांना बटाटे, काही मुठीएवढे, काही गोट्यांएवढे, आणि मधोमध ते जुनं बेणं, चेपलेलं, पाणी झालेलं, नुसती साल उरलेली. मी ते बेणं दरवेळी शोधून काढते आणि बघते. आत होतं नव्हतं ते सगळं वर देऊन ते रिकामं झालेलं असतं.

काढलेले बटाटे धुवायचे नाहीत, माती हाताने झाडून अंधाऱ्या हवेशीर जागी पसरायचे, पंधरा दिवस. फ्रिजमध्ये ठेवू नका, फार थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, गोडसर लागतात आणि तळले की काळे पडतात.

राहिला प्रश्न पुढच्या बेण्याचा. आपलेच बटाटे ठेवून पुढच्या हंगामाला लावता येतात आणि मी लावतेही, पण सलग दोन-तीन हंगामांपेक्षा जास्त नाही, कारण मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, एका झाडावरून दुसऱ्यावर व्हायरस पसरवत असतो आणि तो व्हायरस बेण्यातून साठत जातो, झाडं दरवर्षी खुजी होतात, पानं गुंडाळतात. बेण्याचे बटाटे थंड, वाऱ्याच्या, मावा कमी असलेल्या भागात पिकवतात ते याचसाठी. ठेवायचे तर चांगल्या झाडाचे ठेवा. आपण नेमकं उलटं करतो, मोठे खातो आणि उरलेसुरले बारके बेण्याला ठेवतो, आणि ते बारके बऱ्याचदा त्या खुज्या, आजारी झाडाचेच असतात. म्हणून झाड हिरवं असतानाच जे सगळ्यात धष्टपुष्ट त्याच्या पोत्याला लाल दोरा बांधून ठेवते आणि त्यातलेच, अंड्याएवढे, बाजूला काढते.

आणि ती माती पुढच्या वर्षी परत बटाट्याला नको, टोमॅटो-वांगी-मिरचीलाही नको, सगळी एकाच कुळातली आणि रोगही तेच. त्यात कंपोस्ट मिसळून घेवडा किंवा पालेभाजी लावा, शेंगवर्गातलं काही असेल तर उत्तम. मातीत बोटं घालून राहिलेले बारके बटाटे आधी वेचून घ्या मात्र, एखादा राहतोच, आणि मग पालेभाजीच्या मधोमध ती गडद चुरगळलेली पानं वर येतात.